गव्यांचा हंगाम

पहिली चढाई

"अमेरिकन म्हणजे इंग्रजी," आबासाहेब म्हणाले, "आणि इंग्रजी म्हणजे हेरवाडे मॅडम. यात विचार कसला करायचा?"

विचार करायला खोलीत आम्ही चौघं होतो. आबासाहेब थोरवत, आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या उजव्या हाताला चिरंजीव यशोधन. ते दोन वर्षं अमेरिकेत शिकायला गेले होते आणि येताना पदवीऐवजी एक लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू घेऊन आले होते. डावीकडं प्राचार्य इंगवले. अध्यक्षांसमोर बसताना त्यांना खुर्चीचा पुढचा चतकोरच पुरायचा. आणि टेबलाच्या अलीकडं उभी मी.

चेंडू टेबलावर होता. तो गडगडू नये म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी मूल्यांकन समितीच्या फायली लावल्या होत्या. हे योग्यच होतं, कारण चेंडू त्या समितीसाठीच होता. समिती पुढच्या वर्षी येणार होती आणि तिला प्रत्येक कॉलेजात एक नावीन्यपूर्ण उपक्रम बघायचा असायचा. मागच्या खेपेला आम्ही गांडूळखत दाखवलं होतं. समिती वाटेतल्या प्रत्येक कॉलेजात गांडुळं बघत आली होती, त्यामुळं आमच्या गांडुळांकडं तिनं मान वळवूनही पाहिलं नाही. म्हणून यंदा अमेरिकन फुटबॉल. शिरवंडीसारख्या, उसानं चारी बाजूंनी वेढलेल्या गावात ही गोष्ट कुणाला सुचणार नाही, यावर यशोधन यांचा भर होता. ते खरंही होतं.

क्रीडासंचालकांना आधी विचारलं होतं. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं, दोन पानं वाचली आणि त्यांची पाठ धरली. ते त्या दिवसापासून रजेवर होते.

मी सांगून पाहिलं की मला खेळातलं काही कळत नाही, शाळेत खो-खोच्या वेळी मी चपला सांभाळायला बसायचे. आबासाहेबांनी ते उडवून लावलं. पुस्तक इंग्रजीत आहे, ते मॅडमनी वाचावं आणि पोरांना मराठीत सांगावं, खेळायचं काय ते पोरं बघतील, असा त्यांचा हिशोब होता. मग ते जरा पुढं वाकले.

"एक मॅच जिंका. एकच. दुसऱ्या दिवशी कायमची ऑर्डर काढतो. इंगवले साक्षीला आहेत."

मी सात वर्षं त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्यांचेच पैसे, दिवाळीत आणि मे महिन्यात काही नाही, आणि दर जूनमध्ये नव्या उमेदवारासारखा नवा अर्ज. निकम सर निवृत्त झाल्यापासून इंग्रजीची कायम जागा रिकामी होती. तिच्यावरची धूळसुद्धा कुणी पुसत नव्हतं, कारण पुसली तर जागा दिसली असती.

मी चेंडू उचलला. फायली टेबलावरून खाली पडल्या. त्या प्राचार्यांनी गोळा केल्या.

दुसरी चढाई

संघ उभा करायला एक दुपार पुरली. कॉलेजचा कबड्डीचा अख्खा संघ आला आणि वर तालमीतले पाच पैलवान आले, कारण या खेळात माणसाला आडवं करता येतं हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

कप्तान बिरू लवटे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता, कबड्डीत चढाईला गेला की सहसा कुणाच्या हाती लागत नसे. बोलायचा कमी. मी फळ्यावर मैदान काढून दाखवलं. चार संधी मिळतात, तेवढ्यात चेंडू दहा यार्ड पुढं न्यायचा, नेला की पुन्हा चार संधी, असं करत समोरची शेवटची रेषा ओलांडायची. त्या चार संधींना पुस्तकात 'डाउन' म्हटलं होतं. मी त्याला 'चढाई' म्हटलं. धरून पाडण्याला 'पकड' म्हटलं. पोरांचे चेहरे उजळले.

बिरूनं सगळं ऐकून विचारलं, "म्हणजे पडायचं तर हायच, फकस्त पुढं पडायचं. एवढंच ना?"

मी म्हटलं, एवढंच. पुस्तक दोनशे पानांचं होतं. त्याच्या या वाक्यापेक्षा त्यात फार काही जास्त होतं असं मला तेव्हा वाटलं नाही. पुढं कळलं की होतं.

नावावरून दोन बैठका झाल्या. यशोधन यांनी पोशाखांवर 'बायसन' छापून आणले होते. मी भाषांतर केलं, बायसन म्हणजे आपला गवाच साधारण. आबासाहेबांनी हातातला पोशाख टेबलावर ठेवला. आपल्याकडं गवा उसात शिरतो, त्याला फटाके लावून हाकलतात, त्याच्या नावाचा संघ घेऊन मतदारांसमोर कसं जायचं, असं त्यांनी विचारलं. पण पोशाख छापून झाले होते. संघाचं नाव 'शिरवंडीचे गवे' असं ठरलं.

पहिला सामना पुण्यात. समोरची पोरं दूध-अंड्यांवर वाढलेली, प्रत्येकाकडं स्वतःचं शिरस्त्राण. आमच्याकडं अकराच होती, ती बदलून बदलून घालायची, त्यामुळं प्रत्येकाच्या डोक्याला दुसऱ्याच्या तेलाचा वास.

पहिल्याच चढाईला शिट्टी. दंड, पाच यार्ड मागं. दुसऱ्यांदा मांडणी झाली, पुन्हा शिट्टी. तिसऱ्यांदाही. आम्ही चेंडूला हात न लावता मैदानाबाहेर जायच्या बेतात होतो.

दंड: पाच यार्ड मागं

हे समजायला मैदानावरून जरा मागं, तालमीच्या मातीत यावं लागतं.

या खेळात चढाईआधी पुढची फळी एक हात जमिनीवर टेकून बसते. एकदा टेकला की चेंडू हलेपर्यंत तो हात हलवायचा नाही. हलला तर दंड. आणि आमची पोरं लहानपणापासून एकच गोष्ट शिकलेली की जमिनीला हात लागला की ती माती कपाळाला लावायची. मातीला हात लावून तो तसाच ठेवणं म्हणजे देवळात जाऊन नमस्कार न करता नुसतं उभं राहणं. मी सराव घेतला होता, पण चटईवर. चटईला कुणी नमस्कार करत नाही.

पुण्याच्या त्या पंचाला मी हे समजावून सांगितलं. त्यानं सहानुभूतीनं ऐकलं आणि पुन्हा पाच यार्ड मागं नेलं.

त्याच सामन्यात बिरूला एकदा चेंडू घेऊन मोकळं रान मिळालं. तो असा सुटला की मागं कुणी नव्हतं, पुढं कुणी नव्हतं. शिरस्त्राणाच्या आतून त्याचा 'कबड्डी कबड्डी' चालू होता. पुण्याच्या पोरांना ती आमची सांकेतिक भाषा वाटली, ती एकमेकांकडं बघत राहिली. आणि रेषा चार हातांवर असताना बिरू थांबला. चेंडू जमिनीवर ठेवला. कमरेवर हात ठेवून बाजूला जाऊन उभा राहिला.

मी धावत जाऊन विचारलं, काय झालं.

"दम सुटला, मॅडम," तो म्हणाला. "बाद झालो."

कुणी बघितलं नव्हतं. पंचालाही कळलं नव्हतं. तोच प्रामाणिकपणे बाद झाला होता.

तिसरी चढाई

त्यानंतरचा हंगाम उतरणीचाच. बेळगावात हरलो, नाशकात हरलो, सोलापुरात पाऊस आला म्हणून थोडे कमी हरलो. पुण्याहून परतल्यावर आबासाहेबांनी गुण विचारले. मी सांगितलं, त्यांचे बावन्न. आपले किती, त्यांनी विचारलं. शून्य, मी म्हटलं. ते म्हणाले की शून्यापासून सुरुवात म्हणजे पाया तरी पक्का.

प्रत्येक पराभवानंतर चौकात फ्लेक्स लागायचा. बेळगावनंतर 'झुंजार गव्यांचे हार्दिक अभिनंदन', नाशिकनंतर 'गव्यांचा नाशकात दरारा'. फ्लेक्सवर मधोमध आबासाहेब, शेजारी यशोधन, खाली गोल चौकटींत पोरं. मार्गदर्शक म्हणून एका कोपऱ्यात माझा फोटो, तोही कॉलेजच्या ओळखपत्रावरचा. गुण कुठंच लिहिलेले नसायचे. गावातली माणसं मला वाटेत थांबवून शुभेच्छा द्यायची. सुरुवातीला मी सांगायचे की आम्ही हरलो. लोक म्हणायचे, तसं नसतं मॅडम.

यशोधन प्रत्येक सामन्याला काळा चष्मा लावून हजर असायचे. पोरांच्या पाठीवर थाप मारून इंग्रजीत काहीतरी म्हणायचे. पोरं 'नमस्कार दादा' म्हणायची. प्रशिक्षणाचा हा भाग इतपतच होता.

शिकत मात्र होती पोरं. बिरूला मी दम सोडूनही पळायला शिकवलं. त्यासाठी त्याला पळताना पाढे म्हणायला लावले, कारण पाढे मध्येच तुटले तरी माणूस बाद होत नाही. पैलवानांनी आधी माती कपाळाला लावून मगच बसायची सवय केली. आणि पकड तर त्यांच्या रक्तातच होती. सोलापूरच्या प्रशिक्षकानं मला विचारलं की तुमची मुलं घोट्याला धरून माणूस कसा काय थांबवतात. मी म्हटलं, मला माहीत नाही, मी इंग्रजी शिकवते.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. तो जिंकला तर ऑर्डर, नाहीतर जूनमध्ये अर्ज.

चौथी चढाई

पाहुणे पुन्हा पुण्याचेच, पण दुसऱ्या, अभियांत्रिकीच्या कॉलेजातले. परीक्षा तोंडावर असल्यामुळं त्यांचे निम्मे चांगले खेळाडू आलेच नव्हते. उरलेल्यांना आबासाहेबांनी मळ्यावर जेवायला नेलं. पाहुण्याला उपाशी खेळवायचं नसतं, असं ते म्हणाले आणि ते मनापासूनच म्हणाले. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, आग्रह. पुण्याच्या पोरांनी पांढरा रस्सा म्हणजे सूप समजून वाट्याच्या वाट्या रिचवल्या. मैदानावर आली तेव्हा त्यांना वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती.

मग सत्कार. पंच होते बंगळूरचे पोनप्पा. त्यांना मराठी येत नव्हतं आणि फेट्याची कल्पना नव्हती. फेटा बांधल्यावर टोपी बसेना, आणि गळ्यातल्या हारात त्यांची शिट्टी हरवली. ती शोधून मिळेपर्यंत आणखी तीन जणांचे सत्कार झाले.

गावाला खेळ कळत नव्हता म्हणून पोनप्पा इंग्रजीत जे सांगतील ते माइकवरून मराठीत सांगायचं काम माझ्याकडं. ते असं चाललं.

पंच: सुरुवातीआधी हालचाल. आक्रमक संघ. पाच यार्ड दंड.

मी: आपल्या एका पोरानं मातीला नमस्कार केला. पाच यार्ड मागं.

(टाळ्या.)

पंच: बचावाच्या खेळाडूनं चेंडू नसलेल्या खेळाडूला धरलं. दंड दहा यार्ड.

मी: त्यांच्या पोरानं आपल्या पोराला धरलं. धरणं चालतं, पण आत्ता चालत नव्हतं. कधी चालतं ते सामना झाल्यावर सांगते.

(हसणं. हलगी.)

पंच: (बराच वेळ इंग्रजीत.)

मी: आपली चूक झाली.

पंच: मैदानी गोल यशस्वी. पाहुण्यांना तीन गुण.

मी: चेंडू दोन खांबांच्या मधून गेला. तीन गुण त्यांना.

व्यासपीठावरून आबासाहेबांनी दुसऱ्या माइकवर विचारलं, "आणि आपल्याला?"

मी: आपल्याला अजून वेळ आहे.

होताही. ऊन चढत गेलं तसे पाहुणे एकेक करून सावलीला बसायला लागले. आमचे पैलवान त्यांना रेषेपर्यंत येऊच देत नव्हते. तीन-शून्यवर सामना शेवटच्या मिनिटाला आला आणि चेंडू आमच्याकडं, समोरच्या रेषेपासून दहाएक पावलांवर, चौथी चढाई. रेषा ओलांडली की सहा गुण. सहा विरुद्ध तीन.

बिरू चेंडू डाव्या बगलेत घेऊन सुटला. पहिल्या दोघांना त्यानं खांद्यानं चुकवलं. तिसऱ्यानं कमरेला मिठी मारली. चौथा पायावर पडला, पाचवा पाठीवर. पाचांना ओढत तो पुढं सरकत होता आणि अख्खं गाव उभं राहिलं होतं.

दंड: पाच यार्ड मागं

त्या सकाळी बिरू माझ्या स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला होता. आत ये म्हटलं तरी आला नाही. उंबऱ्यापाशी बोटानं चौकट खरवडत होता.

"आज जित्तलो की तुमचं काम हुतंय म्हणं, मॅडम."

कुणी सांगितलं, मी विचारलं. प्राचार्यांच्या शिपायानं चहाच्या टपरीवर सांगितलं होतं, म्हणजे गावाला माहीत होतं. मी त्याला म्हटलं की माझ्या नोकरीचं ओझं घेऊन खेळू नको, शाळेतल्या पोरानं तसं काही डोक्यात घ्यायचं नसतं.

"शाळंतलं कुठं," तो म्हणाला, "कॉलेजातलं हाय की." मग म्हणाला, "पोरास्नी सांगितलंय मी. आज रेषेला हात लावल्याबिगर यायचं न्हाई."

मला ते आवडलं. मी मान डोलावली. ते वाक्य मी नीट ऐकलं असतं तर.

चौथी चढाई (पुढं चालू)

पाचांच्या खाली बिरू छातीवर पडला. पडता पडता त्यानं उजवा हात लांब फेकला. सगळं अंग त्या हातात आलं होतं. बोटं, तळवा आणि मग मनगट, सगळं पांढऱ्या रेषेच्या पलीकडं. जन्मभर हेच तो करत आला होता. कबड्डीत पकडीत सापडलेल्यानं रेषेला हात लावला की तो वाचतो, आणि त्याला धरणारे सगळे बाद होतात.

चेंडू डाव्या बगलेत होता. रेषेच्या अलीकडं, हातभर.

वेळ संपल्याचा भोंगा झाला. चेंडू तिथंच सोडून बिरू उठला, अंगावर पडलेल्यांकडं बघून मोजायला लागला, एक, दोन, तीन, चार, पाच. गावानंही मोजलं. हलग्या सुटल्या. मुलांना खांद्यावर घेतलेले बाप मैदानात शिरले. आबासाहेब व्यासपीठावर उभे राहिले, त्यांच्या मुठीत गुलाल होता. पुण्याची पोरं जमिनीवर पडूनच होती, पण ती पराभवानं नव्हती, रश्श्यानं.

त्या गर्दीत पोनप्पा शांतपणे रेषेपाशी गेले. खाली वाकले. फेटा सावरत परत आले आणि मला इंग्रजीत सांगितलं की गुण नाही, चेंडू रेषेच्या अलीकडं होता, सामना संपला, पाहुणे विजयी. मग त्यांनी बोटानं माइककडं खूण केली.

मी माइक हातात घेतला तशी हलगी थांबली. त्या दुपारी गावाला एवढीच एक सवय लागली होती, की मॅडम सांगतील ते ऐकायचं. आबासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. प्राचार्य इंगवले त्यांच्या मागं उभे होते आणि आधीच टाळ्या वाजवत होते, आवाज न करता.

मैदानात इंग्रजी येणारी माणसं होती, पण गावाशी बोलणारी मी एकटी. पोनप्पांना मराठी येत नव्हतं. पाहुण्या पोरांना काय चाललंय याचं भान नव्हतं. यशोधन यांनी काळा चष्मा काढून पुसायला घेतला होता. एक वाक्य पुरलं असतं.

"बिरूचा हात पोचला," मी म्हणाले. "चेंडू पोचला नाही. आपण तीन-शून्यनं हरलो."

कुठंतरी एक लहान पोर रडायला लागलं, तेवढंच ऐकू आलं. बिरू स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होता.

आबासाहेबांनी त्यांचा माइक उचलला. आवाजात राग नव्हता. ते माझं कौतुक करत म्हणाले की मॅडमनी पंचांचं मत अगदी तंतोतंत आपल्यापर्यंत पोचवलं, त्याबद्दल संस्था त्यांची आभारी आहे.

"आता जनतेचं मत विचारतो," ते म्हणाले. "लवट्याच्या पोराचा हात रेषेच्या पलीकडं गेलेला तुम्ही बघितला का न्हाई?"

बघितला, असं मैदान म्हणालं.

"मग?"

गुलाल उधळला गेला. मिरवणूक मैदानातून सुटून चौकात गेली, तिथून बाजारपेठेतून नदीपर्यंत. पाहुण्या संघाला वाटलं ही इथली निरोपाची रीत असावी. ते हळूहळू उठून नाचायला लागले. त्यांच्या कप्तानानं मला इंग्रजीत विचारलं की तुमच्याकडं हरल्यावर असं करतात का. मी म्हटलं, हो, यंदा पाचव्यांदा. फेटा बांधलेले पोनप्पा एका ट्रॅक्टरवर होते. ते खूश दिसत होते.

खेळ संपल्यावर

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. सात वर्षांत पहिल्यांदा बसायला सांगितलं. पेढे आले. मी एक घेतला, खाल्ला नाही.

आबासाहेबांनी विचारलं, "काल माइकवर तुम्ही काय सांगितलंत?"

"हरलो म्हणून."

"सगळ्या गावासमोर?"

"हो."

"मग हरलेल्या मॅचवर ऑर्डर कशी काढू, मॅडम? उद्या कुणी विचारलं तर तोंड कुठं लपवू? तुम्हीच साक्षीदार."

मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. फाटकावर नवा फ्लेक्स चढत होता, 'विजयी गवे', अक्षरं माणसाएवढी. आबासाहेब तिकडं बघून समजुतीनं हसले. मिरवणूक गावाची असते, ऑर्डर संस्थेची असते, त्यांनी समजावून सांगितलं. गावाला आनंद द्यावा लागतो. संस्थेला नियम पाळावा लागतो. प्राचार्यांना हे पटलेलं दिसलं.

एक गोष्ट मला विचारल्याशिवाय उठवेना. काल मी माइकवर जिंकलो म्हटलं असतं तर?

आबासाहेबांना हा प्रश्न खराच बालिश वाटला असावा. त्यांनी पेढ्यांचा पुडा बंद केला.

"पंच इंग्रजीत एक सांगतोय आणि तुम्ही मराठीत भलतंच. असली बाई इंग्रजीला कायम केली असती का मी? पोरांचं नुकसान झालं असतं."

मला नोकरीवरून काढलं नाही. तासिका तत्त्वावरच्या माणसाला काढत नसतात, पुढच्या जूनमध्ये बोलावत नाहीत. मूल्यांकन समिती आली तेव्हा मी तिथं नव्हते. ऐकलं की समितीवर उपक्रमाची छाप पडली आणि कॉलेजची श्रेणी वाढली. या गोष्टीला आता चौदा वर्षं होतील. मी मिरजेत बँकांच्या परीक्षांचे वर्ग घेते. वर्ग माझेच आहेत, त्यामुळं अर्ज करावा लागत नाही.

दंड: पाच यार्ड मागं

पण त्या दिवशी ऑफिसातून बाहेर पडले तेव्हा दुपार होती आणि बिरू मैदानावर शिरस्त्राणं गोळा करत होता. बाकीची पोरं मिरवणुकीनंतर झोपली होती. त्याच्या कानामागं गुलाल तसाच होता. त्यानं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि ऑर्डरचं काही विचारलं नाही.

मला म्हणाला, "जरा समजावून सांगा. कुठं चुकलं?"

मी सांगितलं. हात नाही, चेंडू मोजतात. माणूस अख्खा पलीकडं गेला आणि चेंडू अलीकडं राहिला तर गुण नाही. माणूस अलीकडं राहिला आणि चेंडूचं टोक रेषेला लागलं तरी गुण.

"माणसाचं कायच न्हाई?"

"नाही."

मग त्यानं पोत्यातून चेंडू काढला, उजव्या हातात घेतला आणि रेषेपासून दहा पावलं मागं जाऊन उभा राहिला. मला म्हणाला, धरा. मी म्हटलं वेडा आहेस का. त्याचं म्हणणं होतं की कुणी धरल्याशिवाय रेषा ओलांडण्यात काही अर्थ नाही, तसं तर म्हसरंपण ओलांडतात. आणि धरायला दुसरं कुणी नव्हतं.

मी पर्स खाली ठेवली. पदर खोचला. तो आला तसं मी त्याच्या सदऱ्याचं टोक दोन्ही हातांनी पकडलं. मी वजनानं बेताचीच, पण सोडलं नाही. चप्पल कुठंतरी गेली. तो ओढत होता, मी टाच रोवत होते, मग टाचही सुटली आणि मी गुडघ्यांवर, मग पोटावर घसटत त्याच्या मागं गेले. तोंडात माती गेली. सदरा फाटल्याचा आवाज आला. बिरू पुढं कोसळला आणि त्यानं उजवा हात फेकला.

मी मान वर करून बघितलं. चेंडूचं टोक चुन्यात होतं.

"लागलं?" त्यानं खाली पडूनच विचारलं.

"लागलं."

तो उताणा झाला. छाती वरखाली होत होती. जरा वेळानं संशयानं माझ्याकडं बघत म्हणाला, "मुद्दाम ढिलं तर न्हाई ना सोडलं, मॅडम?"

मी दोन्ही हात त्याच्यापुढं धरले. बोटांत सदऱ्याची चिंधी होती आणि दोन नखं मोडली होती.

"मग खरं," बिरू म्हणाला.